परत आलेली ई-मेल : ती वाचावी कशी आणि पुढे करावे काय?



वार्षिक सभा संपली, की चार-आठ दिवसांत शेअर विभागाच्या खिडकीशी दोन-चार मंडळी येतात आणि म्हणतात, "साहेब, आमाला नोटीस आलीच नाही." आम्ही रजिस्टर उघडून दाखवितो, "हे पहा, तुमच्या नावापुढे 'ई-मेलने पाठविली' असे लिहिले आहे." आमचे लिहिणे खोटे नसते, तसे सभासदाचे म्हणणेही खोटे नसते. पत्र निघाले हे खरे आणि पोचले नाही हेही खरे. मधल्या वाटेत काय झाले, हे मात्र दोघांनीही पाहिलेले नसते. ते कळविणारी चिठ्ठी संगणकाच्या एका कप्प्यात येऊन पडलेली असते आणि तो कप्पा आम्ही वेळेवर उघडलेला नसतो. ही चूक आमची आहे. ती आधी कबूल करतो आणि मग या पाठाला सुरुवात करतो.

विषय वरवर कार्यालयाचा दिसतो, पण तो सभासदाच्या हक्काचा आहे. ३१ मार्चला वर्ष संपले, की सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सभेत ताळेबंद मांडला जातो, नफा-तोट्यावर बोलता येते, प्रश्न विचारता येतो. ज्याला नोटीस मिळाली नाही त्याचा हा हक्क कागदावर राहतो, हातात येत नाही. म्हणून परत आलेल्या प्रत्येक ई-मेलमागे एक सभासद उभा आहे, असे समजून हा पाठ वाचावा.

१. आधी टपालाची गोष्ट

पत्र परत येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पोस्टमन पत्र घेऊन घरी जाई आणि माणूस भेटला नाही, तर पाकिटावर शेरा मारून ते परत करी. "पत्ता अपुरा", "घर बंद", "गाव सोडून गेले", "घेण्यास नकार", "मालक मयत" असे ते शेरे असत. जुन्या कारकुनाला त्या शेऱ्याची किंमत ठाऊक होती. "घर बंद" म्हणजे माणूस आहे, सध्या बाहेर आहे. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. त्यांचे पत्र थोडे थांबून पुन्हा पाठवावे. "गाव सोडून गेले" म्हणजे त्याच पत्त्यावर पुन्हा तिकीट चिकटवणे म्हणजे पैसा पाण्यात. आणि "मालक मयत" असा शेरा आला, तर वारसाची नोंद राहिली आहे, हे कळे. शेरा एकच ओळीचा, पण प्रत्येक शेऱ्यावर करायचे काम वेगळे.

पत्ता चुकू नये म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. ही पद्धत बसविली ती टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. एकाच नावाची गावे ठिकठिकाणी, लिप्या अनेक, हस्ताक्षरे अनेक. म्हणून सहा आकड्यांची पक्की खूण ठरविली. आपल्या केजचेच पहा. इंग्रजीत कोणी 'के-ई-जे' लिहितो, कोणी 'के-ए-आय-जे'. बीडचीही तीच तऱ्हा. पण ४३११२३ हा पिन बरोबर असला, की पत्र केजच्या पोस्टात येते. पुढे पोस्टमन आपल्या ओळखीचा. आडनाव चुकले, आळी चुकली, तरी तो "हे अमक्याचं असंल" म्हणून घर शोधून काढतो.

ई-मेलला असा ओळखीचा पोस्टमन नाही. तिथे एक अक्षर चुकले, की पत्र परत. किंवा त्याहून वाईट, भलत्याच माणसाला.

२. ई-मेल जाते कशी?

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठविली आणि माणसाचे नाव व ठिकाण यांच्यामध्ये '@' ही खूण घातली. तिला आपण 'अ‍ॅट' म्हणतो. तिच्या अलीकडे नाव, पलीकडे ठिकाण. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचविण्याचे नियम लिहून काढले. वेळोवेळी सुधारलेले तेच नियम आजही चालतात.

हे नियम समजायला आपल्याला लांब जायला नको. उसाची गाडी कारखान्याच्या गेटवर येते, तेव्हा काय होते ते आठवा. गेटवरचा माणूस विचारतो, कुणाचा ऊस, नोंद आहे का, स्लिप कुठे आहे. त्यावर तीनच उत्तरे संभवतात. पहिले : "सगळे ठीक, काट्यावर घ्या." दुसरे : "यार्डात गर्दी आहे, किंवा मिल बंद आहे, थांबा, नंबर आला की बोलावू." तिसरे : "या नावाची नोंदच नाही, गाडी माघारी न्या."

ई-मेलचेही असेच. आमचा मेल पाठविणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, समोरच्या सर्व्हरच्या गेटवर जातो आणि विचारतो, "या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का? त्याचे पत्र आणले आहे." समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. आकडा २ ने सुरू झाला, तर पत्र घेतले. ४ ने सुरू झाला, तर आत्ता नाही, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू झाला, तर घेणार नाही, परत जा. कधी कधी गाडी गेटवर घेतात आणि आतून परत पाठवितात, तसे काही सर्व्हर पत्र आधी घेतात आणि नंतर माघारी लावतात. मग ती बातमी उशिरा येते.

पत्र परत आले, की आमच्याकडे एक इंग्रजी चिठ्ठी येते. पाठविणाऱ्याच्या जागी बहुधा 'मेलर डीमन' असे नाव असते. हा कोणी माणूस नव्हे, संगणकाचाच निरोप्या. तिच्यात तो तीन आकडी शेरा लिहिलेला असतो. हिलाच इंग्रजीत 'बाऊन्स' म्हणतात. बँकेतून चेक परत येतो, तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो आणि चेकसारखेच इथेही कारण वाचल्याशिवाय पुढचे काम कळत नाही.

३. शेरा कसा वाचावा?

तीन आकड्यांच्या सोबत पुष्कळदा ठिपके दिलेला दुसरा शेराही असतो, जसे ५.१.१. त्याचा पहिला आकडा तात्पुरते की कायमचे ते सांगतो. मधला आकडा बिघाड कुठे आहे ते सांगतो. तो नीट पाहावा.

मधला आकडा १ : पत्त्यात दोष. '५५०, ५.१.१' म्हणजे त्या नावाचे खातेच तिथे नाही. टपालातला "अशी व्यक्ती येथे नाही" हाच शेरा.

मधला आकडा २ : पत्ता बरोबर, पेटीत अडचण. '४५२, ४.२.२' म्हणजे पेटी भरली, जागा नाही.

मधला आकडा ३ : समोरच्या यंत्रणेची अडचण. ५.३.४ म्हणजे पत्र फार जड. अहवालाची पाने मोबाईलने फोटो काढून जोडली, की असे होते. गुगलच्या जीमेलमध्ये जोडपत्रासकट २५ एमबी ही पाठविण्याची मर्यादा आहे.

मधला आकडा ४ : वाटेतला दोष. समोरचा सर्व्हर सापडला नाही किंवा उत्तर देत नाही.

मधला आकडा ७ : समोरच्याचा आपल्यावर विश्वास नाही. माणूस आहे, पेटी आहे, जागा आहे, पण पाठविणारा कोण हे पटले नाही.

हा शेवटचा शेरा विशेष ध्यानात ठेवावा. आकडा ५ ने सुरू झाला, की "पत्ता मेला" असे समजून सभासदाचे नाव यादीतून काढायची घाई होते. पण ५.७ असा शेरा असेल, तर दोष सभासदाच्या पत्त्याचा नाही, आमच्या कार्यालयाचा आहे. आपल्या चुकीसाठी सभासदाचा पत्ता खोडणे हा उलटा न्याय झाला.

४. आपल्याकडे पत्रे परत का येतात?

पहिले कारण, लिहिण्यातली चूक. सभासदाने तोंडी सांगितले, कारकुनाने ऐकून लिहिले. गायकवाड हे एकच आडनाव घ्या. इंग्रजीत कोणी त्यात 'आय' घालतो, कोणी 'वाय', कोणी मध्ये एक 'ए' जास्त देतो. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळी माणसे. कधी शेवटचे 'डॉट कॉम' हे 'डॉट को' होऊन बसते. कधी मध्येच रिकामी जागा पडते.

दुसरे कारण, खाते दुसऱ्याने काढलेले. कुणी अर्ज भरताना सेवा केंद्रात खाते काढले, कुणाला मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिले. सभासद म्हणतात, "पोरानं काढून दिल्ता, पासवर्ड त्यालाच म्हाईत. पोरगं आता पुण्याला हाय." अशी खाती वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. दोन वर्षे कोणी न उघडलेली खाती बंद करून टाकायला गुगल कंपनीने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. म्हणजे काल चालू असलेला पत्ता आज बंद होऊ शकतो.

तिसरे कारण, भरलेली पेटी. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते. ती फक्त पत्रांची नाही. फोटोही तिथेच साठतात. लग्नाचे, शेताचे, नातवंडांचे फोटो आणि व्हिडिओ यांनी जागा संपली, की पत्र आत शिरत नाही.

चौथे कारण, सभासद वारला आणि वारसाची नोंद झालेली नाही. ई-मेल परत आल्यावर चौकशी केली, तर पुष्कळदा हेच उघडकीस येते. अशा घराला नोटीसही नाही आणि शेअरही जुन्याच नावावर पडून. परत आलेले एक पत्र वेळेवर वाचले, तर हे काम मार्गी लागते.

५. "पाठवत राहा, कधीतरी पोचेल" हे का चालत नाही?

कागदाच्या पत्रात तिकिटाचा पैसा जाई. ई-मेलला तिकीट नाही, मग हजार पत्रे पुन्हा धाडली तर बिघडले काय? बिघडते, आणि ते ज्यांचे पत्ते बरोबर आहेत त्यांचे बिघडते.

मोठमोठ्या मेल कंपन्या पाठविणाऱ्याची पत पाहतात. बंद पत्त्यांवर सारखी पत्रे टाकणारा बहुधा फसव्या जाहिराती पाठविणारा असतो, असा त्यांचा अनुभव. म्हणून जो तसे करील त्याची पत घसरते आणि त्याची चांगली पत्रेही 'स्पॅम' नावाच्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकली जातात. अ‍ॅमेझॉन कंपनीची घाऊक मेल पाठविण्याची सेवा आहे. तिचा नियम असा, की परत येणाऱ्या पत्रांचे प्रमाण शेकडा ५ च्या खाली ठेवावे. ते शेकडा १० च्या वर गेले, तर पाठविणेच थांबविले जाऊ शकते. समजा, आपण ४,००० सभासदांना मेल धाडली. २०० परत आल्या, की धोक्याची घंटा. ४०० परत आल्या, की उरलेल्या ३,६०० जणांचीही वाट बंद होण्याची वेळ.

दुसरी गोष्ट ओळखीची. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. पाठविणाऱ्या संस्थेने आपली ओळख पटवावी लागते. एका नोंदीने 'आमच्या नावाने पत्र नेण्याचा परवाना अमुक सर्व्हरला आहे' असे जाहीर करायचे. तिला एसपीएफ म्हणतात. दुसरी व्यवस्था म्हणजे पत्रावरचे सील, ते डीकेआयएम. परवाना आणि सील जुळले नाही तर पत्राचे काय करावे, हे सांगणारी तिसरी सूचना, डीमार्क. जीमेलवर दिवसाला ५,००० पेक्षा अधिक पत्रे पाठविणाऱ्यास तिन्ही लागतात. लहानांस पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवेच. गेटपास नसलेली गाडी वॉचमन अडवितो, त्यात वॉचमनची चूक नाही. ५.७ चा शेरा येतो तो बहुधा इथून.

६. कार्यालयाने काय करावे?

आम्ही स्वतःस घालून घेतलेले नियम येथे देत आहोत. यात हयगय दिसली, तर सभासदांनी जाब विचारावा.

एक. परत येणाऱ्या मेलसाठी वेगळा पत्ता ठेवावा आणि तो कप्पा रोज उघडावा.

दोन. ५.१.१ असा शेरा आला, की त्या पत्त्यावर पाठविणे त्याच दिवशी थांबवावे.

तीन. ४ चा शेरा आला, तर पत्ता खोडू नये. सर्व्हर स्वतःच थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. नियमाप्रमाणे हे प्रयत्न चार-पाच दिवस तरी चालावेत. पण तीन वेगवेगळ्या वेळी पाठविलेली पत्रे अशीच परत आली, तर सभासदाला विचारावे.

चार. ५.७ चा शेरा आला, तर सभासदाकडे बोट दाखवू नये, आपले परवाने तपासावेत.

पाच. आणि हा नियम सर्वांत महत्त्वाचा. ई-मेलच्या यादीतून पत्ता निघाला, तरी सभासद नोंदवहीतून निघत नाही. ज्या दिवशी मेल थांबविली, त्याच दिवशी त्याचे नाव कागदी नोटिशीच्या यादीत चढले पाहिजे. मग ती टपालाने जावो, की गटातील स्लिपबॉयच्या हातून पोच घेऊन जावो.

येथे वेळेचा हिशेबही करावा. समजा, नोटीस सभेपूर्वी १४ दिवस मिळायला हवी आणि आम्ही मेल बरोबर चौदाव्या दिवशी धाडली. समोरची पेटी भरलेली. पाच दिवस प्रयत्न चालले आणि मग "पोचली नाही" अशी चिठ्ठी आली. उरले नऊ दिवस. त्यात कागद छापून नांदूरघाट, युसूफवडगाव, धनेगावपर्यंत पोचवायचा. मुदत तर हुकलीच. म्हणून मेल निदान आठ-दहा दिवस आधीच निघाली पाहिजे.

आणखी एक. मेल परत आली नाही म्हणजे ती वाचली गेली, असे समजू नये. २ चा आकडा एवढेच सांगतो, की गाडी गेटच्या आत गेली. ती स्पॅमच्या कप्प्यात पडली, की सभासदाने उघडली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून सूचना फलक आणि गट कार्यालय यांना सुट्टी देता येणार नाही.

७. सभासदांनी काय करावे?

आपला ई-मेल पत्ता तोंडी सांगू नये. मोबाईलवर उघडून त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून द्यावा. सर्वांत उत्तम, त्या पत्त्यावरून कार्यालयाला एक ओळ लिहून पाठवावी. म्हणजे चुकीला जागाच राहत नाही.

महिन्यातून एकदा तरी खाते उघडावे आणि स्पॅमचा कप्पाही पाहावा. आमचे पत्र तिथे सापडले, तर 'हे स्पॅम नाही' अशी खूण करावी. नको असलेले जड व्हिडिओ पुसून जागा मोकळी ठेवावी.

मुलाचा पत्ता द्यायचा असेल, तर जरूर द्यावा, पण मुलाला तसे सांगून ठेवावे. नाही तर नोटीस पुण्याला वाचली जाते आणि बाप केजमध्ये वाट पाहतो.

आणि सावध राहावे. "तुमची मेल परत आली, येथे दाबा व पासवर्ड भरा" अशी बनावट चिठ्ठीही येते. खऱ्या चिठ्ठीला पासवर्ड लागत नाही. आपण काही पाठविलेच नसेल, तर परत काय येणार, एवढा विचार केला तरी फसवणूक टळते.

ज्यांना ई-मेल नको, त्यांनी तसे लिहून द्यावे. कागदाची नोटीस मागणे यात मागासलेपण काही नाही.

उजळणी

प्रश्न : '४.२.२' असा शेरा आला, काय करावे?
उत्तर : पेटी भरली आहे. पत्ता ठेवावा, पुन्हा पाठवावे, सभासदाला फोन करून जागा मोकळी करावयास सांगावे.

प्रश्न : '५.१.१' आला?
उत्तर : पाठविणे बंद. नाव त्याच दिवशी कागदी यादीत. नवा पत्ता सभासदाकडूनच घ्यावा, अंदाजाने दुरुस्त करू नये.

प्रश्न : एकाच दिवशी पुष्कळ पत्रे '५.७' च्या शेऱ्याने परत आली?
उत्तर : दोष आमचा. एकही पत्ता खोडू नये.

या अंकासोबत पत्ता-दुरुस्तीचा छापील अर्ज जोडला आहे. त्यात सभासद क्रमांक, गाव, मोबाईल, ई-मेल आणि 'नोटीस कशी हवी' हे रकाने आहेत. तो भरून आपल्या गट कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. घरातील सभासद वारले असतील, तर वारस नोंदीचा अर्जही तेथेच मिळेल.

पुढच्या सभेनंतर कोणी खिडकीशी येऊन "नोटीस आली नाही" म्हणाले, तर "पाठविली होती" एवढे उत्तर आम्ही देणार नाही. ती कुठे अडली, कोणत्या तारखेला अडली आणि आम्ही त्यावर काय केले, हे रजिस्टर उघडून दाखवू. तसे दाखविता आले नाही, तर चूक आमची समजावी.

आपले नम्र,
शेअर विभाग